ठेंगण्या दाराची पट्टी

गोठ्याच्या ठेंगण्या दाराची आडवी पट्टी कोणीतरी चार बोटं वर सरकवली आहे. काल सकाळी सुताराने ती काढली आणि चौकटीतली खिळ्यांची जुनी भोकं दाखवून तसं सांगितलं. भोकं मेणाने बुजवून वर रंग फासला होता. सुतार नव्या दाराच्या कामासाठी कधीपासून मागे लागला आहे, म्हणून त्याच्या शब्दावर न जाता मी स्वतः सुई घालून पाहिली. मेणच निघालं.

सबब मी, या घराची आणि कळपाची मालकीण, गेलेल्या होडीवाल्याची बायको, गुडघे आणि काळीज सोडून बाकी सगळी शाबूत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी सांगितलं म्हणून नव्हे, तर कोणी सांगायच्या आत. सगळं भाचीला देणारं माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

एक. राहतं घर भाचीला, म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलीला. आईविना आली तेव्हापासून ती इथेच आहे. घराचा शब्द मी परत घेणार नाही. दारं मात्र आहेत तेवढ्याच उंचीची ठेवावीत. मी डोंगराळ, थंड मुलखातून या बेटावर लग्न होऊन आले. तिकडची जनावरं थोराड असतात. थंडीत मोठ्या अंगाची ऊब लवकर जात नाही, असं जनावरांच्या डॉक्टरबाई सांगतात. माणसांचं तसं असेलच असं नाही म्हणे, पण मी उंच होते. पहिल्याच दिवशी कपाळ आपटलं. दिराने माझं नाव 'शिडी' ठेवलं. पुढे कितीतरी दिवस मी आत शिरताना सासूबाई चौकटीला तळहात लावून उभ्या राहायच्या. "लागलं तर माझ्या हाताला लागू दे," म्हणायच्या. अशी मी वाकायला शिकले.

दोन. अंगणातलं झाड तोडू नये. पलीकडच्या किनाऱ्यावर हेच झुडूप गुडघ्याएवढं वाढतं आणि थंडीत मरतं. इथे तशी थंडी नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या खोड धरत त्याचं झाड झालं. कुंपण असल्यामुळे शेळ्यांपासून वाचलं. त्याच्या सावलीत बसून जाळी विणायचा हक्क दिराला. फक्त बसायचा, खोडाला होडी बांधायचा नाही.

तीन. मोठी होडी, नांगर, दोऱ्या आणि उंदरांचा सापळा दिराला. सापळा पलीकडून आणलेला आहे, इथल्या उंदराला तो आखूड पडतो. या बेटावर मांजर नाही, साप नाही, त्यामुळे उंदरांना लपायला लहान राहण्याची गरज उरली नाही. दिराला हे पटत नाही. "वहिनी, ते तुमचं दाणं खाऊन फुगलेत," म्हणतो. माझ्या मागे माझी दाण्यांची कोठी उघडून बघायचं त्याच्या मनात आहे. कोठी भाचीला.

चार. कळप. खरं मृत्युपत्र इथून पुढे आहे.

आमच्या शेळ्या पलीकडच्या शेळ्यांच्या निम्म्या. बेटावर चारा मोजका आणि मागे लागणारा लांडगा नाही. ज्यांचं थोड्यात भागलं त्या राहिल्या, म्हणून कळप बुटका झाला. सासऱ्यांच्या आजीने ही गोष्ट ओळखून गोठ्याला ठेंगणं दार केलं. उन्हाळा लागायच्या आधी सगळी जनावरं त्यातून काढायची. ज्याची पाठ पट्टीला घासेल ते होडीत घालून पलीकडे विकायचं. याला आम्ही चाळणी म्हणतो. सासऱ्यांनी एकदा चाळणी चुकवून थोराड शेळ्या ठेवल्या. त्या वर्षी पाऊस लांबला. थोराडांनी सगळं रान खाल्लं आणि त्याच आधी पडल्या. उरलेल्या बुटक्यांना मी घराच्या छपराचं गवत उपसून घातलं.

आता यंदाचं. पांढऱ्या शेळीला झालेलं करडू दूध सुटायच्या आत आईच्या खांद्याला लागलं. डॉक्टरबाईंनी पाहून सांगितलं, बाप पलीकडचा. "नवं रक्त आलं ते वाईट नाही," असंही म्हणाल्या, "पण उंचीचा चारा कुठून आणणार ते तुम्ही बघा."

शेळी पाच महिने गाभण असते. करडाच्या जन्मापासून तेवढं मागे मोजलं, तर तेव्हा दिराचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि मोठी होडी वाळूत उपडी होती. लहान होडी वैरणीसाठी भाची पलीकडे नेत होती. शिवाय दिराने भोकं डांबराने बुजवली असती. तो फुटका कपही डांबराने जोडतो. मेणबत्त्या भाची करते. तिच्यावर आळ यावा म्हणून दिराने मुद्दाम मेण वापरलं असेल, हाही विचार मी करून ठेवला आहे. पण एवढा पुढचा विचार करणारा माणूस स्वतःच्याच नांगराला अडखळून पाय मोडून घेत नाही.

मी भाचीला सरळ विचारलं नाही. चुलीशी बसल्या बसल्या म्हटलं, "बोकड आला कुठून असेल गं?"

"पोहत."

"एवढं पाणी?"

"प्रेमात पडला असेल."

मी हसले नाही. तेव्हा भांडं खाली ठेवून म्हणाली, "मावशी, उंच आहे म्हणून परत पाठवायचं, तर तुलाही पाठवायला हवं होतं."

करडाचं नाव तिने शिडी ठेवलं आहे. हे नाव तिला दिराने सांगितलं असणार.

तरी कळप भाचीलाच, पण एका अटीवर. येत्या चाळणीला शिडीला तिने स्वतः दारातून न्यावं, आणि पाठ घासली तर स्वतःच्या हाताने होडीत घालावं. तिने टाळलं किंवा पट्टी पुन्हा वर गेली, तर कळप दिराला. दिराला कळप मिळावा असं मला वाटत नाही. भाचीलाही वाटत नाही. म्हणूनच कलम असं लिहिलं आहे. पट्टी खाली सरकण्यात मग दिराचा फायदा आहे, हे माझ्या ध्यानात आहे; सबब पट्टीच्या जुन्या उंचीएवढी कापलेली काठी डॉक्टरबाईंकडे राहील.

पट्टी सुताराने कालच जुन्या भोकांत बसवली. संध्याकाळी खिडकीतून पाहिलं, तर भाची हातात पाला धरून दारापाशी बसली होती आणि शिडीला वाकून यायला शिकवत होती. दुसरा तळहात तिने पट्टीला लावला होता. करडू पाल्यासाठी मान खाली घालत होतं. पाठ खाली घालत नव्हतं.

ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल, दाराला आतून कडी. तारीख डॉक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने कागदाच्या पाठीवर घातली आहे, म्हणजे मागाहून कोणी बदलायला नको. दिराने साक्षीदार व्हायची फार हौस दाखवली. ज्याला काही मिळतं त्याने साक्ष करू नये, म्हणून त्याला अंगणात बसवलं आहे.

सही: मालकीण.

साक्षीदार पहिली: जनावरांची डॉक्टर. मालकीणबाईंनी माझ्यासमोर सही केली. काठी मिळाली.

साक्षीदार दुसरा: सुतार. मला यात काही ठेवलेलं नाही. जाता जाता सांगतो, भाचीने उद्या सकाळी बोलावलंय. होडीत मावेल असा पिंजरा करायचा आहे. केवढा, ते आल्यावर सांगते म्हणाली.

वरील वाचून मी एक ओळ वाढवते. पिंजरा शिडीला पलीकडे न्यायला, करडाच्या मापाचा निघाला, तर कलम चार वाचायची वेळ येणार नाही. पलीकडून आणायच्या बोकडाच्या मापाचा निघाला, तर येईल. सुताराने माप घेऊन आधी माझ्याकडे यायचं आहे.

सही: तीच.