दहापैकी चार

३ मार्च, सोमवार

मुलगी! बेचाळिसाव्या वर्षी, सिझेरियन. मणक्यात सुई देताना भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "यातच दुखणं थांबवणारं औषधही घातलंय. उद्यापर्यंत फारसं कळणार नाही." खरंच कळत नाही. नाक तेवढं सारखं खाजतं – औषधामुळेच, म्हणे. पोट जणू शेजारच्या खाटेवरच्या बाईचं. इतकं सोपं असावं का हे?

४ मार्च

दुपारी औषध उतरलं. पोट आता माझंच.

सिस्टर तक्ता घेऊन आल्या. "मॅडम, दुखण्याला दहापैकी किती मार्क?"

इतकी वर्षं पेपर तपासतेय, दहापैकी दहा कुणाला दिले नाहीत. सात देतानाही हात आखडतो. आणि याहून वाईट पुढे असेल तर? "चार," म्हणाले.

"मग साधी गोळी पुरे." पाचाच्या वर असेल तरच इंजेक्शन, असा त्यांचा नियम.

आई खूश. "आमच्या वेळी कुणी मार्क विचारत नव्हतं हो, सिस्टर."

५ मार्च

बसता येत नाही, म्हणून पाजता येत नाही. आई एक हात कमरेवर ठेवून वाकते, पाळण्यातून पोरीला उचलते, माझ्याजवळ आणते. मी कुशीवर वळायला जाते आणि डोळ्यांपुढे काजवे! पोरगी परत पाळण्यात, वाटी-चमच्याने वरचं दूध. दिवसभर हेच.

सिस्टरांनी पुन्हा विचारलं. पुन्हा चार. एकदा दिलेले मार्क वाढवायचे ते कशाच्या आधारावर?

६ मार्च

भूलतज्ज्ञ बाई फेरीवर आल्या. तक्ता पाहिला, मग मला.

"जरा खोकून दाखवा."

नुसता श्वास घेतला आणि खाटेची कड घट्ट धरली.

"हे चार?"

"दहा म्हणजे नेमकं किती, ते माहीत नाही, डॉक्टर."

"अहो, पेपर तुमचा, तपासणाऱ्याही तुम्हीच. रीचेकिंगला कोण येणार आहे?"

आठ म्हणाले. चोरी केल्यासारखं वाटलं.

इंजेक्शननंतर थोड्या वेळाने पाठीशी उशी घेऊन बसले. पोरगी लागली! काय जोर होता ओढण्यात. माझ्या काटेकोरपणापायी तिला उपाशी ठेवलं का मी? उपाशी नव्हती, वरचं दूध होतं. तरीही.

७ मार्च

घरी निघालो. आजचे तीन – खरे तीन. आई महिनाभर आमच्याकडेच राहणार, पोरीचं सगळं तीच बघणार. केवढा आधार!

बाथरूममध्ये होते, तेव्हा बाहेर सिस्टर गमतीत म्हणाल्या, "आजी, सारख्या वाकताय. तुमच्या कमरेला किती मार्क?"

"नऊ. हळू बोला. हिला कळलं तर राहू द्यायची नाही मला."

मी नळ सोडला आणि आतच उभी राहिले.