गाडीच्या नाकावरची खुर्ची

९ ऑगस्ट

आज परत हसले माझ्यावर! सगळं स्वयंपाकघर. आचारीण मेमे एल्फ्रीडानं चुलीपाशी उभं केलं. "म्हण, बाजरीखाऊ — पाणी." मी म्हटलं, गम. "आता दोन म्हण." गम. "आता म्हण, मार." गम. भांडी घासणारी हसून हसून खालीच बसली.

या दमारा लोकांचे तिन्ही शब्द एकच. फरक फक्त सुरुवातीच्या टकटकीचा. दोन म्हणायचं तर दातांवर च्च, हळहळल्यासारखं. पाणी म्हणायचं तर गालाच्या बाजूनं, घोडा हाकल्यासारखं. आणि मार म्हणायचं तर टाळूवर टॉक — बाटलीचं बूच उडावं तसं. यांची पोरं दूध पितापिता शिकतात. मी उत्तरेकडचा ओवांबो. दीड वर्ष झालं इथे, या पाहुण्यांच्या कॅम्पवर. जीभ वळत नाही आणि कानही ऐकत नाही.

१० ऑगस्ट

ओउपा इफ्राइम उद्या शहरात चाललाय, डोळ्याच्या ऑपरेशनला. दोन आठवडे नाही. त्याला सगळेच ओउपा म्हणतात, म्हणजे आजोबा. कॅम्पची मालकीणसुद्धा.

हुआब नदीच्या कोरड्या पात्रात चाळीस वर्षं हत्तींचा माग काढतोय. गाडीच्या नाकावर लोखंडी खुर्ची आहे ना, बॉनेटच्याही पुढे — ती त्याची. पाहुणे मागे, हा पुढे, पाय हवेत. हात वर केला की गाडी थांबलीच पाहिजे. बोलतो एकच शब्द, तोही दमारात. म्हणतो, माग याच भाषेत निघतो, बाकीच्या भाषा फार बडबड करतात.

मला ती खुर्ची पाहिजे. तंबूंतल्या गाद्या झटकून जीव विटला.

संध्याकाळी बंदुकीच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली. माझ्या! "कान कच्चे आहेत तुझे. पण नजर चांगली. सांभाळ."

१३ ऑगस्ट

तुटकी सापडली. कळपातली सगळ्यात म्हातारी हत्तीण, एक सुळा मोडलेली. पाहुणे तिच्यासाठीच येतात. वरच्या वस्तीवर पाण्याची टाकी फोडली, म्हणून कुणीतरी गोळी घातली. पुढचा उजवा गुडघा गेलाय. आतलं हाड दिसतं, पांढरं. आना झाडाला टेकून उभी आहे. कळप तासभर थांबला, मग नदीनं खाली निघून गेला. पिल्लू वळून वळून बघत गेलं.

सरकारी माणसाला वायरलेसवर कळवलं. "आमच्याकडे गाडी नाही. इफ्राइम सांगेल ते करा."

स्वयंपाकघरामागच्या टेकडीवर चढलो, फोन तिथेच लागतो. स्पीकर लावून ओउपाला सगळं सांगितलं. मग एकच शब्द — टक्, गम — आणि फोन तुटला. पुन्हा लावला तर बंद. वीसदा लावला. बंदच. मेमे एल्फ्रीडा शेजारच्या दगडावर उभी होती, आपला फोन आभाळाकडे धरून. माझ्याकडे बघून हसली. हसू दे!

कारण टकटक गालाच्या बाजूनंच होती. घोडा हाकल्यासारखी. पहिल्यांदा नीट ऐकू आली! पाणी. तिला पाणी द्यायचं. किल्ली खिशातच राहिली. बरं वाटलं.

१४ ऑगस्ट

चार कॅन भरून नेले. सगळे प्यायली. सोंड हाताला घासून गेली — खरखरीत, ओली. पिताना पाय थरथरत होता.

मालकीण लांबून गाडीतून बघत होती. मागे जर्मन पाहुणे. "तांगेनी, उद्यापण पाजशील का? चार वाजता? इतक्या जवळून कुठे बघायला मिळतं!"

म्हटलं, हो मेवरो.

१५ ऑगस्ट

एक बाई खूप रडली. मग माझ्या आणि तुटकीच्या शेजारी उभं राहून फोटो काढला. डोळे मिटलेले आले म्हणून परत काढला. तिच्या नवऱ्यानं विचारलं, "ही ओरडते का? लाव ना ओरडायला." मालकिणीनं मला सांगितलंही. मी कॅन जरा मागे ओढला. ओरडली.

१६ ऑगस्ट

आज नाकावरच्या खुर्चीवर बसलो!!

१८ ऑगस्ट

वास येतो. जखमेत किडे. बसता येत नाही तिला, बसली तर उठणार नाही, म्हणून झाडावर अंग टाकून उभी. सोंड पोचते तिथपर्यंतची साल खाऊन संपवली. मी शेंगा नेऊन टाकतो. पोटातून एक आवाज काढते, तो कानाला लागत नाही, तळपायांना लागतो.

मालकीण आता गाडी वाऱ्याच्या वरच्या बाजूला लावते. जेवणाच्या तंबूबाहेर फळा आलाय — 'हत्तिणीची तहान. रोज चार वाजता.' महिनाअखेरपर्यंत सगळ्या जागा भरल्या, म्हणाली.

स्वयंपाकघरात कॅन भरायला गेलो की सगळे गप्प होतात.

२१ ऑगस्ट

सकाळी शेपूट नव्हतं. तरसांनी नेलं. मागच्या पायांचे लचकेही. तिला वळता येत नाही ना, हे त्यांना कळलंय.

तरी प्यायली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

२४ ऑगस्ट

ओउपा आला. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातून पाणी. मालकिणीच्या गाडीतून उतरला तो थेट नदीत गेला. मी मागे कॅन घेऊन.

तिच्यापुढे उभा राहिला. मग वळला. "ही अजून उभी का आहे?"

"तुम्हीच सांगितलंत, ताते. पाणी द्यायला."

"मी काय म्हणालो?"

"गम."

त्यानं दोनदा म्हणून दाखवलं. एकदा गालानं, एकदा टाळूनं. "मी हे दुसरं म्हणालो होतो."

ओउपानं आपल्या कपाळावर हात मारून घेतला, माझ्या नाही. "चूक माझी. तुझ्या कानाला हा फरक कळत नाही, माहीत होतं मला. एरवीसारखं आफ्रिकान्समध्ये सांगायचं होतं. माझाच माज नडला." मग तिच्याकडे तोंड करून दमारात काहीतरी बोलत राहिला. इतके शब्द एका दमात कधी ऐकले नव्हते त्याच्या तोंडून.

खिशातल्या किल्लीनं कपाट उघडून मी बंदूक आणली, पण पट्टी असल्यानं त्याला नेम धरता येईना. परत माझ्या हातात दिली. "डोळा आणि कान यांच्या मध्ये." पहिली गोळी खाली लागली. दुसरी कुठे गेली देव जाणे. तिसरीला झाडासकट खाली आली.

२५ ऑगस्ट

वस्तीवरचे लोक सुऱ्या, कुऱ्हाडी घेऊन आले. दुपारपर्यंत फासळ्या दिसायला लागल्या. मलाही वाटा मिळाला. खाल्ला. चिवट होता.

मालकीण लालबुंद. "चार वाजताच्या पाहुण्यांना मी काय दाखवू? हाडं?"

ओउपा म्हणाला, "हाडंही बघतात लोक, मेवरो."

"अकरा दिवस तिचे हाल झाले ते तुझ्या एका शब्दानं! उद्या कुणी हे छापून आणलं तर? मी कुणाचं नाव सांगू?"

"माझं सांगा."

तिनं तेच केलं. त्याला काढलं. खुर्ची मला.

२६ ऑगस्ट

ओउपा गाढवगाडीतून गेला. गादी, पातेलं, एक खोकं, एवढंच सामान. चाळीस वर्षांचं! स्वयंपाकघरातून कुणी बाहेर आलं नाही. जाताना मला म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस, पोरा. जे ऐकूच आलं नाही, त्याचा दोष कानाला नसतो."

२७ ऑगस्ट

मेमे एल्फ्रीडानं मला सोळा तारखेच्या सकाळीच सांगितलं होतं. टेकडीवर गाठून, न हसता. पाणी नाही रे, मार म्हणालाय तो, मी ऐकलंय. त्या दिवशी मी इथे एकच ओळ लिहिली, खुर्चीची.