शनिवारच्या सामन्याला मी आलो होतो

शुगर लँड, एप्रिल २००६

चि. निमिष यास,

तुला मराठी वाचता येत नाही, म्हणूनच हे मराठीत लिहिण्याचे धैर्य झाले.

तू तुझ्या सामन्याला बोलावलेस, तेव्हा कॉलेज बेसबॉलला देशभर प्रेक्षक का नाहीत, यावर मी जेवणाच्या टेबलावर व्याख्यान दिले. उत्तम खेळाडू शाळेतूनच व्यावसायिक संघांकडे जातात, उत्तरेकडे हंगामाच्या आरंभी बर्फ असतो, आणि खेळ रंगात येतो तेव्हा विद्यार्थी सुटीसाठी घरी गेलेले असतात. तू हसून म्हणालास, "मग काय बाबा, सीट तर डेफिनेटली मिळेल!"

मिळाली. तुला न सांगता मी आलो होतो. तुझ्या हातून सोपा झेल सुटला, तेव्हाच शेजारच्या वृद्ध बाईंनी मला विचारले, "यातला तुमचा मुलगा कोणता?"

"कोणीच नाही. मी सहज आलोय."

जन्मभर विद्यार्थ्यांच्या चुका शोधल्या; तुझी एक चूक मला चारचौघांत आपली म्हणवली नाही.

त्या बाईंनी तुझ्या पाठीवरच्या क्रमांकावरून सामन्याच्या पत्रकात तुझे नाव शोधले आणि तुला धीर देण्यासाठी त्या उभ्या राहून ओरडल्या, "कमॉन, निमिष!" तू चमकून स्टँडकडे पाहिलेस. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो.

तुझाच,
बाबा