कडी नसलेली पेटी

गुढियारी, रायपूर
फेब्रुवारी २००१

प्रिय देवू,

माझ्या नातवाची, परागची खेळण्यांची पेटी तयार झाली. अंगणात पेरूखाली ठेवली आहे. नवं राज्य झालं, भोपाळच्या कचेऱ्यांतली माणसं इकडे यायला लागली, आणि आमच्या जावईबापूंचं, नीलेशरावांचंही नाव रायपूरला लागेल असं तू डिसेंबरात म्हणालीस, तेव्हापासून मी तिच्यामागे होतो. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ज्याच्याकडे दोन खोल्या जास्तीच्या आहेत तो हल्ली स्वतःला राजधानीचा मालक समजतो. मला मात्र राजधानी म्हटलं की तुम्ही तिघं स्टेशनवर उतरताना दिसता.

लाकूड साधंच, मालधक्क्यावरच्या खोक्यांच्या फळ्या. रंधा मारताना शाळेतल्या कविता आपोआप तोंडात येतात. लहानपणी तुला झोपाळ्यावर बसवून त्याच म्हणायचो, आणि कडवं संपलं की तू "अजून" म्हणायचीस. तुझी आई म्हणते, यांची कविता लांबली की फळी पातळ होते.

आता एक सांगतो, घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. मी जन्म रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढला. कडी-कोयंडा नसलेली पेटी माझ्या लेखी पेटीच नव्हे. तेव्हा पितळेची छान कडी लावली आणि कौतुकानं पाहत बसलो. शेजारच्या शेवंताची चेतना, पाच वर्षांची पोट्टी, लपाछपी खेळताना आत जाऊन बसली. तुझी आई तुळशीला पाणी घालून परतत होती. जाता जाता तिनं कडी घालून टाकली. तीही पार्सलबाबूचीच बायको, मोकळी कडी दिसली की हात आपसूक जातो. मी पायरीवर चहा पीत होतो. आतून लाथा ऐकू आल्या तसा धावलो. कडी काढली तर पोर घामानं चिंब. मला म्हणते, "दादाजी, अंदर बहुत अंधेरा है." ती रडली नाही. रडली तुझी आई. शेवंताला हाक मारून तिनं स्वतःच सगळं सांगितलं. शेवंता लेकीला उचलून घेऊन गेली. तिनं दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर आमच्या अंगणात कुणाचंच पोर फिरकलं नाही.

तुझ्या आईनं मला समोर बसवलं. "काहून जी, पोट्ट्याइच्या बाहुल्या कोण चोरून राहिलं? कडी कायले पाह्यजे होती?" मी उठलो, कडी उपटली. मग तिनं पेटीभोवती फिरून एकेक खोट काढली. झाकण जड आहे, बोटं चेचतील. तेव्हा झाकण हलक्या फळीचं केलं आणि पुढच्या काठाला दोन्ही टोकांशी लाकडी ठोकळे ठोकले. आता ते पूर्ण मिटतच नाही. फटीत बोट सापडलं तरी दुखत नाही, आणि हवाही जाते. दोन्ही बाजूंना भोकं पाडली. झाकण मागे उलटू नये म्हणून साखळी लावली. खाली विटा दिल्या, ओल नको आणि विंचवालाही आडोसा नको. हिरव्या रंगाचा डबा आणला होता, तो तिनं ठेवून द्यायला लावला. पोरं काठ चावतात म्हणे, तू तर पाटीसुद्धा चाटायचीस. मग नुसतं जवसाचं तेल चोळलं. शेवटी तिनं आपलं जुनं सुती पातळ सगळ्या काठांवरून ओढत नेलं. जिथे धागा अडकला तिथे मी पुन्हा पॉलिश पेपर घासायचा. दोन दिवस हेच चाललं. एवढी कडक तपासणी माझ्या साऱ्या नोकरीत झाली नव्हती.

मग मी शेवंताकडे गेलो, एकदा येऊन बघ म्हणालो. ती आली. तिनं आपला हात काठावर ठेवून दुसऱ्या हातानं झाकण सोडून दिलं. पुन्हा एकदा सोडलं. मग कुंपणापलीकडे उभ्या चेतनाला होकाराची मान हलवून म्हणाली, "हव, जा, खेल." आता संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नसते. परागसाठी घेतलेली लाल गाडी चार पोरं मिळून ओढतात. मी कविता शिकवतो, ती माझ्यामागून मराठी म्हणतात आणि भांडतात हिंदीत.

देवू, परवा तू बाहेर गेली असताना नीलेशरावांचा फोन आला होता. तुझी शाळेतली नोकरी पक्की झाली, तुम्ही भोपाळातच राहायचं ठरवलंत, आणि तू मला सांगायला धजत नाहीस, पत्र लिहितेस आणि फाडतेस, असं ते म्हणाले. मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या संध्याकाळी पोरांना काही म्हणून दाखवायला सुचलं नाही. पण माझ्या लेकीला नोकरी लागावी आणि तिनं ती बापापासून चोरीच्या मालासारखी लपवावी, हे मला जास्त लागलं. म्हणून हे पत्र. येत्या रविवारी फोन कर आणि मला काहीच ठाऊक नाही असं धरून, पहिल्यापासून सगळं सांग. शाळा कशी आहे, वर्ग कोणता मिळाला, पोरं त्रास देतात का. मध्येच थांबलीस तर या वेळी मी "अजून" म्हणेन.

तुझाच, फोनजवळ खुर्ची ओढून बसणारा,
बाबा