मावळत्या अध्यक्षांचं मत

सोमवार, ३
सरांनी आज बोलावलं. "शुक्रवारपर्यंत चित्रपट मंडळाला नवा अध्यक्ष द्या, नाहीतर तुमची खोली टेबल टेनिसवाल्यांना." दोन वर्षं मीच अध्यक्ष. सुटायचंय गं बाई, पण घेतंय कोण! सभेत विचारलं, तर बाराच्या बारा सभासद मिठाची गुळणी धरून बसले.

मंगळवार, ४
पोस्टर तयार झाला! (आमची पोस्टरं रंगवतो, म्हणून पोस्टर. खरं नाव त्याच्या आईलाच आठवत असेल.) हुश्श केलं.
घरी जेवताना धाकटी म्हणाली, "ताई, मीपण उभी राहतेय."
ही प्रत्येक सिनेमाला झोपते! तसं म्हटलं, तर म्हणे, "म्हणूनच. मला कुठल्याच सिनेमाबद्दल आकस नाही."

बुधवार, ५
प्रचार. पोस्टरने स्वतःचं तोंड चौदा ठिकाणी चिकटवलंय, एक मुलींच्या बाथरूमबाहेर. ते सरांनी काढायला लावलं. धाकटीचं वचन एकच – "मध्यंतर पाऊण तासाचं." टाळ्या!! सिनेमा कधी दाखवणार, हे कुणी विचारलंच नाही.
आई म्हणाली, "घरचीच आहे, तिच्याकडे बघ जरा." बाबा वर्तमानपत्राच्या आड. तटस्थ राष्ट्र.

गुरुवार, ६
धाकटीने आपणहून माझा ड्रेस इस्त्री केला. बाही जाळली.

शुक्रवार, ७
बुटांच्या खोक्यात मतदान. मी मोजणीला, म्हणून मला मत नव्हतं. सहा-सहा! परत मोजली. सहा-सहा.
सरांनी नियमांचा कागद काढला. "बरोबरी झाल्यास मावळत्या अध्यक्षांचं मत निर्णायक." सगळे माझ्याकडे बघायला लागले. इकडे आड, तिकडे विहीर. धाकटी छताकडे बघत होती.
पोस्टर, म्हटलं मी. काय करू? त्याला निदान पडदा नीट लावता येतो.
धाकटी खुर्ची सरकवून गेली. खुर्ची केवढी किंचाळली!

शनिवार, ८
अबोला. जेवताना धाकटी – "आई, तिला सांग, मीठ दे."
आई – "मी काय टपालखातं आहे?"
बाबांनी मीठ दिलं. राष्ट्राची तटस्थता भंगली.

सोमवार, १०
पोस्टरकडे सूत्रं दिली. किल्ली, शिक्का, सभासदांची वही. मग प्रोजेक्टर. तो थापडीशिवाय चालू होत नाही, आणि थापड नेमकी डाव्या अंगाला, बुडाशी, उघड्या तळव्याने. पोस्टरने पहिली उजवीकडे मारली. दुसरी इतकी हळू, की मायेने कुरवाळलं म्हणावं. माझे हात शिवशिवत होते. मी ते मागे घट्ट धरून ठेवले. तिसरी – फाट्! पडदा उजळला.
"ताई, डोळ्यात काही गेलं का?" पोस्टरने विचारलं.
धूळ, म्हटलं. किती धूळ साठलीये या खोलीत, झाडत जा.

मंगळवार, ११
दुपारभर मोकळी. कपाट आवरलं. परत विस्कटून परत आवरलं.

शुक्रवार, १४
धाकटी आज बोलली. भांडी पुसता पुसता.
"मी पोस्टरलाच मत दिलं होतं."
हातातली बशी सुटता सुटता राहिली. "मग उभी कशाला राहिलीस?"
"तो एकटाच असता, तर तू त्याला घेतलंच नसतंस. गेल्या वर्षी एकीने अर्ज दिला, तेव्हा 'एकच उमेदवार, ही काय निवडणूक!' म्हणून तू तिला परत पाठवलंस. आणि स्वतःच राहिलीस."
"आणि मग रुसलीस कशाला?"
"तू मला मत दिलं नाहीस ना!"
अर्जाचं खरं आहे. या वहीतही लिहिलं नव्हतं मी.