चिखलदऱ्याची खाजगी सहल आणि आपली माय

अमरावती,
दि. ५ ऑक्टोबर १९६३

आदरणीय किसनभाऊ यांस,
धाकट्या मोतीरामचा सविनय जयभीम.

तुमच्या दाढेचं काय झालं? मागच्या पत्रात ती काढावी की ठेवावी याची तुम्ही दोन्ही बाजूंनी इतकी सविस्तर चर्चा केली होती, की शेवटी निर्णय लिहायला कागदच उरला नव्हता. वहिनींचा खोकला थांबला असेल, आणि मुलांची सहामाही जवळ आली असेल. इकडे माय खुशाल आहे, इंदू खुशाल आहे आणि मी डाव्या अंगठ्याला पट्टी बांधून, दोन्ही तळहातांना खोबरेल तेल चोपडून हे पत्र लिहायला बसलो आहे. (कागदावरचे डाग त्या तेलाचे आहेत. मुलांच्या वहीवर असे डाग दिसले की तुम्ही हेडमास्तर म्हणून काय करता हे मला ठाऊक आहे, पण अकोला इथून दूर आहे.) एवढं सगळं अंग दुखत असूनही, भाऊ, मी गेले तीन दिवस असा ताठ चालतो आहे की शेजाऱ्यांना वाटतं माझी मान आखडली. त्याचं कारण सांगण्यासाठीच हे पत्र.

झालं असं की, ओमप्रकाश नावाच्या एका गृहस्थानं लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली आहे, आणि महिनाभर तो बसस्टँडपाशी गुलाबी कागद वाटत होता. त्यावर छापलं होतं: 'खास आपल्यासाठी खाजगी सहल. सोबत माहीतगार गाईड. निबिड अरण्यातील समुद्रकिनारा, प्रचंड धबधबे आणि द्राक्षमद्याचा कारखाना. सर्व एका दिवसात.' आता मेळघाटात समुद्र कुठून आला, हा प्रश्न तुमच्यासारख्या भूगोल शिकवणाऱ्या माणसाला पडणारच. मलाही पडला. मी ओमप्रकाशला विचारलं, तर तो म्हणाला, काही गोष्टी सांगून समजत नाहीत, पाहाव्या लागतात. हे मला पटलं. (कचेरीत मला कोणतीही गोष्ट लवकर पटते, त्यामुळेच अजून हंगामी आहे.) दोन ऑक्टोबरची सुट्टी होती. मी आमचे हेडक्लार्क भगवंतराव यांना आमंत्रण दिलं. आमच्या कचेरीत जिल्ह्यातल्या रस्त्यांच्या फायली असतात, आणि मला कायम करायचं की नाही हे भगवंतरावांच्या शेऱ्यावर आहे, हे तुम्हाला मी पूर्वी कळवलंच आहे. त्यांना मी पुढच्या सीटवर बसवलं. मी आणि इंदू मागे. माय सगळ्यांत मागे, शिदोरीचं गाठोडं आणि पाण्याचा डबा यांच्यामध्ये, जादा चाकावर. तिला निघण्याआधी मी बाजूला घेऊन समजावलं होतं, की साहेब सोबत आहेत, तू फार बोलू नकोस. हे वाक्य लिहिताना मला बरं वाटत नाही, पण लिहून टाकतो.

पहिला मुक्काम परतवाड्याला, द्राक्षमद्याच्या कारखान्यात. गांधीजयंतीचा दिवस, राज्यात दारूबंदी, सोबत वरिष्ठ, त्यामुळे माझा जीव धाकधूक करत होता. कारखाना निघाला एका वैद्यबुवांचं मागचं अंगण. तिथं भुशात गळ्यापर्यंत पुरलेले सात रांजण होते आणि त्यांत औषधी द्राक्षासव मुरत होतं. सगळं कायदेशीर. फक्त वैद्यबुवांचा एक नियम होता, की आजार सांगितल्याशिवाय औषध मिळणार नाही. मी अपचन सांगितलं, मला एक औंस मिळालं. भगवंतरावांनी आधी अपचन सांगितलं, मग निद्रानाश, मग पाठीचं दुखणं, आणि वैद्यबुवा बाटलीला बूच लावू लागले तेव्हा त्यांना लहानपणचा हिवतापही आठवला. इतका आजारी माणूस इतका आनंदी मी पाहिला नव्हता. शेवटी वैद्यबुवा एक नवा रांजण उघडून दाखवणार, तेवढ्यात माय पुढे झाली, तिनं रांजणाला कान लावला आणि म्हणाली, "हे अजून बोलून राहिलं. चूप झाल्यावर उघडा." मी तिला डोळ्यांनी खुणावलं. वैद्यबुवांनीही, आसव ग्रंथाप्रमाणे होतं, ऐकून होत नाही, असं सांगून कापड सोडलं. कापड गेलं छपरावर आणि रांजणातलं निम्मं औषध भगवंतरावांच्या पांढऱ्या कोटावर. पुढे दिवसभर त्यांच्या कोटामागे मधमाश्या होत्या. मायला हे कसं कळलं, ते विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

परतवाडा सोडून घाटाला लागलो आणि असं धुकं उतरलं, की जीपचं नाक दिसेना. ओमप्रकाश तोवर मोठ्या आवाजात माहिती देत होता (हा डोंगर फार उंच आहे, ही दरी फार खोल आहे, वगैरे), तो एकाएकी गप्प झाला. समोर दोन फाटे होते. तो खाली उतरला, दोन्ही फाट्यांकडे पाहून आला, टोपी काढून पुन्हा घातली. भगवंतरावांनी खोदून विचारलं तेव्हा त्यानं कबूल केलं, की चिखलदऱ्याला तो एकदाच आला होता, मेव्हण्याच्या लग्नाच्या ट्रकमध्ये, आणि पूर्ण रस्ता झोपून होता. मागून माय म्हणाली, "डाव्या हाताचा घे. उजवा खदानीत जाते." मी म्हणालो, माय, तू राहू दे. पण ओमप्रकाशजवळ दुसरं मत नव्हतं, त्यानं डावा घेतला, आणि रस्ता बरोबर निघाला. मैलभरानं इंजिनाचं पाणी उकळलं, आणि डब्यातलं पाणी तर आम्ही द्राक्षासवावर तहान लागली म्हणून पिऊन टाकलेलं. माय खाली उतरली. तिनं रस्त्याच्या कडेनं पुढे-मागे पाहिलं आणि ओमप्रकाशला सांगितलं, की पुढच्या मोरीखाली झिरा आहे, डबा घेऊन जा. तो गेला आणि भरलेला डबा घेऊन, मायकडे आश्चर्यानं पाहत परत आला.

भगवंतरावांनी विचारलं, "बाई, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्या मोरीचा दगड म्याच डोक्यावर वाह्यला," माय म्हणाली. "घाट रुंद करून राहिले होते तवा. भातकुलीकडे काम नव्हतं त्या साली. दोन हंगाम होतो आमी इथं, मी अन् याचा बाप. अन् माहा किसन त्या सागाले टांगला राहे, झोळीत."

हो भाऊ, तुम्हीच. अकोल्याचे हेडमास्तर, घाटातल्या सागाच्या झाडाला. मी तो साग पाहिला, चांगला जाडजूड झाला आहे. पण त्या क्षणी मला ना साग दिसला ना घाट. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्याच्या शेऱ्यावर माझी नोकरी, त्याच्यासमोर माय दगड वाहिल्याचं सांगत होती, आणि मी दरीकडे पाहत होतो. इंदूनं मात्र सुनेच्या हक्कानं सरळ विचारलं, की आत्याबाई, हे तुम्ही कधी बोलल्या कशा नाहीत? माय म्हणाली, "पोरं शाळेत जात. मास्तर पुसत, माय काय करते. हे सांगत, घरीच राहते. मले वाटलं, राहू द्या." तक्रारीचा सूर नव्हता, भाऊ. पाणी उकळलं, ते थंड होऊ द्या, असं सांगावं तसं ती बोलली. मी शाळेत खरंच तसं सांगत असे. तुम्ही काय सांगत होता ते तुम्हाला माहीत.

भगवंतराव कठड्यावर जाऊन बसले. मला वाटलं आता काहीतरी बोलून दिवस घालवणार. ते म्हणाले, "हा घाट पंधरा वर्षं माझ्या कपाटात आहे, मोतीराम. मैल, मोऱ्या, खडी, सगळं लिहिलेलं आहे. वाहिली कोणी, त्याला रकाना नाही." एवढं बोलून त्यांनी आपला डबा-छत्री उचलली, मायला पुढच्या सीटवर बसायला सांगितलं आणि स्वतः मागे जादा चाकावर जाऊन बसले, मधमाश्यांसकट.

तिथून सहल मायच्या हातात गेली. वरचा धबधबा धुक्यात होता. ओमप्रकाश म्हणाला, दिसत नाही तर पुढे जाऊ. मायनं सगळ्यांना कड्यापासून दूर एका खडकावर बसवलं आणि थांबा म्हणाली. थोड्या वेळानं वारा खालून वर आला आणि धुकं पडदा ओढावा तसं निघून गेलं, आणि भाऊ, ते पाणी! केवढं पडत होतं, आणि वाऱ्यानं त्यातलं निम्मं उलटं वर येत होतं. माझी टोपी गेली, ती आता दरीत आहे. मायनं सांगितलं, की बाजाराच्या दिवशी काम बंद असे, तेव्हा बाया खालच्या कुंडावर लुगडी धूत आणि कोरकू बाया त्यांना मोहाची फुलं कशी आंबवायची ते सांगत. (वैद्यबुवांच्या रांजणाचा उलगडा मला तिथं झाला. इंदूला आधीच झाला होता.) ओमप्रकाशनं गुलाबी कागदांच्या पाठीवर हे सगळं उतरवून घ्यायला सुरुवात केली. गाईड मायच्या मागे मागे चालत होता आणि 'मग, आजी?' विचारत होता.

दुपार कलल्यावर पलीकडे उतरून तो अरण्यातला समुद्रकिनारा गाठला. ती सिपना नदी होती. वाळू मात्र खरोखर सुंदर, पांढरी, आणि तिच्यावर नऊ म्हशी बसलेल्या. भगवंतरावांनी समुद्राला पलीकडचा काठ कसा काय, असं विचारलं. त्या काठावर एक माणूस बैल धूत होता आणि आम्हाला हात करत होता. ओमप्रकाश म्हणाला, हा लहान समुद्र आहे. मायनं ओंजळभर पाणी घेऊन चाखलं आणि "गोड हाये" असं सांगून तो वाद मिटवला. आम्ही भाकरी, ठेचा आणि बेसन खाल्लं, पाय पाण्यात सोडले, इंदूनं शिंपले गोळा केले, आणि ओमप्रकाशनं किनाऱ्याची शोभा जवळून दाखवण्यासाठी जीप थेट वाळूत आणली. ती तिथंच चाकांच्या आसापर्यंत रुतून बसली. जितकं इंजिन ओरडे तितकी ती खाली जाई. दिवस दोन हातांवर आलेला, भोवती मेळघाट, आणि जंगलातून परत जाणाऱ्या म्हशी आमच्याकडे मागे वळून पाहत गेल्या, तेव्हा भगवंतरावांनासुद्धा हिवताप आठवेना.

मायनं पदर खोचला. काठावर दगड पडलेले होते, ते तिनं पायानं उलटून पाहिले आणि कोणता घ्यायचा, कोणता नाही ते सांगितलं. भगवंतरावांचा टॉवेल घेऊन तिनं त्याची चुंबळ वळली, त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि वर दगड चढवला. माझे वरिष्ठ, भाऊ, शेरा देणारे वरिष्ठ, डोक्यावर दगड घेऊन वाळू तुडवत होते आणि माय म्हणत होती, "मान सरळ ठेवा साहेब, खाली पाहू नका, पाय आपोआप जाते." खाली मोठा दगड, त्यावर मधला, वरून बारीक, आणि सगळ्यांवर ठोकणी. मी एक दगड नीट बसवला नाही, तर तिनं तो उचकटून पुन्हा बसवायला लावला. त्याच वेळी तो अंगठ्यावर पडला. इंदू माझ्या दुप्पट वाहत होती. चाकांपासून पक्क्या जमिनीपर्यंत अठरा हातांचा रस्ता झाला, आणि जीप त्यावरून अशी बाहेर आली, जशी नवरी मांडवातून. एक दगड हलला नाही. भगवंतरावांनी कपाळ पुसलं, त्या रस्त्यावरून स्वतः एकदा चालून पाहिलं आणि म्हणाले, "काम उत्तम. माझा शेरा." माझ्या नोकरीबद्दल ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही, खरं सांगायचं तर मला ती आठवलीच नाही. मी मायकडे पाहत होतो. ती नदीच्या पाण्यात हात धूत होती आणि तिच्या पाठीवर संध्याकाळचं ऊन होतं.

दुसऱ्या दिवशी कचेरीत चहाच्या वेळी मी आपण होऊन सगळ्यांना सांगितलं, की चिखलदऱ्याच्या घाटात माझ्या मायनं दगड वाहिले आहेत. दुपारी पुन्हा सांगितलं. सुटताना सांगू लागलो तेव्हा टायपिस्ट म्हणाला, कळलं हो. तुम्हीही तुमच्या शाळेत सांगा. नकाशावर बोट ठेवून सांगा.

वहिनींना जयभीम, मुलांना गोड पापा. दाढ काढूनच टाका.

तुमचा आज्ञाधारक भाऊ,
मोतीराम

ता. क. पत्र मायला वाचून दाखवलं. तिनं दुरुस्त्या सांगितल्या त्या अशा: म्हशी सात होत्या. रस्ता बावीस हात होता. आणि इंदू माझ्या दुप्पट नाही, तिप्पट वाहत होती.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. घाटात मायसोबत मनकर्णा नावाची बाई होती, ती मूर्तिजापूरकडे दिली आहे, शकुंतला या छोट्या आगगाडीच्या लाईनीवर कुठल्याशा गावात. माय पहिल्या हंगामात तापानं पडली तेव्हा आठ दिवस या मनकर्णाबाईंनी तुम्हाला आपलं दूध पाजलं. हे मायनं आज सकाळी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. तर त्यांना शोधायचं आहे. माय म्हणते, "त्याले लिही, चिठ्ठी पाठवू नको. स्वता जाय, पाया पड, अन् खिडकीपाशी बसवून आण." ओमप्रकाशशी तिचं पुन्हा घाटात जायचं ठरलं आहे, येत्या रविवारी नाही, पुढच्या. गाईडच्या जागी आता मायचं नाव छापायचं म्हणतो. जीपमध्ये माय, मनकर्णाबाई, इंदू आणि तुम्ही. मी विचारून पाहिलं, मला जागा नाही.