सड्यावरचा माड

मास्तर,

तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली आणि मी अजून तुमच्यावर रागावलेला आहे. मेलेल्या माणसावर राग धरू नये असे आई म्हणते. मला ते जमत नाही. तुमचे जुने विद्यार्थी तुमची आठवण काढून हळवे होऊ लागले, की मी उठून बाहेर जातो.

जामसंड्याच्या वरचा सडा, ते उघडे कातळाचे पठार, तुम्हीच मला दाखवलात. वडिलांच्या गुरांमागून मी तिथे रोज जात होतो, पण तो पाहिला नव्हता. चैत्रातली सकाळ आहे, गवत जळून गेलेले, आणि काळा-तांबूस कातळ समुद्राच्या कड्यापर्यंत उघडा पडलेला. वाळवंट मी पाहिलेले नाही. पण ते याहून ओसाड असेल असे वाटत नाही. कड्याजवळ वाऱ्याने खालून खाल्लेले तीन खडक एकमेकांना टेकून उभे आहेत. मी त्यांचे एकेक भोक रंगवत बसलो होतो, कारण काही सुटले तर चूक होईल अशी मला धास्ती. तुम्ही मागे येऊन उभे राहिलात. "भोकां मोजतंस काय रे? डोळे अर्धे झाक. मगे जा ऱ्हवता, तितक्याच काढ." मी नवा कागद लावला आणि डोळे बारीक केले. भोके गेली, भेगा गेल्या, मागचा दगडी गडगा गेला. तीन काळे ठोकळे आणि त्यांच्यामागे पांढरे आकाश एवढेच राहिले. तेवढेच काढले. तेरा वर्षांच्या आयुष्यात एखादी गोष्ट पुरी झाली असे मला पहिल्यांदा वाटले. ती पुन्हा तपासावीशी वाटली नाही.

मग तुम्ही माझ्या हातातला ब्रश घेतलात आणि उजव्या बाजूला माड काढायला लागलात.

सड्यावर माड, मास्तर. जिथे करवंदीची जाळीसुद्धा भेग शोधून जगते, तिथे. तुमच्या घरामागे माडांची बाग होती. माडाला माती किती लागते हे तुम्हाला कुणी सांगायला नको होते. मी म्हणालो, "हंय माड नाय, मास्तर." तुम्ही हसलात. "परीक्षकाक सडो खंय ठावक? कोकण म्हटला की माड व्हयोच." झावळ्या मात्र सुंदर काढल्यात. तेही मला सहन होत नाही.

रत्नागिरीच्या प्रदर्शनात त्या चित्राला पहिले बक्षीस मिळाले. ते शाळेच्या व्हरांड्यात लागले तेव्हा वडील मुद्दाम बघायला आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "गुरां राखण्यात जल्म गेलो माझो. ह्यो माड खंय उगावलो ता माका दाखव, सावलीक तरी बसान." मुले हसली. पुढे चार महिने मी त्यांचा 'सड्यावरलो माड' होतो. तुम्ही तिथेच उभे होतात. 'तो मी काढला' एवढे तीन शब्द तुमच्या तोंडून आले नाहीत.

त्यानंतर साहेब आला की चित्र. मामलेदार आले, माड. शिक्षणखात्याचे साहेब आले, माड आणि होडी. गणिताच्या तासाला तुम्ही मला वर्गातून उठवून नेत असा. "कलावंताक गणित कित्याक?" नववीत मी गणितातच नापास झालो, वडिलांनी शाळा सोडवली, आणि त्याच पावसाळ्यात तुम्ही वारलात. भांडायलासुद्धा शिल्लक राहिला नाहीत.

आता मी रेडीला खनिजाच्या धक्क्यावर पाट्या रंगवतो. 'धोका'. 'येथे उभे राहू नये'. अक्षर चुकू नये म्हणून प्रत्येक पाटी तीनदा वाचतो. महिन्यातून एकदा एस्टीने गावी जातो आणि सड्यावर बसतो. त्या खडकांची पुष्कळ चित्रे झाली. दर वेळी त्यातून काहीतरी कमी करतो. आधी खडकांमधल्या फटी गेल्या, मग क्षितिज, वैशाखाच्या उन्हात तसेही ते दिसत नाही, मग सावल्या. गेल्या खेपेला एक काळा पट्टा आणि वर थोडा मळका पांढरा इतकेच उरले. धक्क्यावरच्या कारकुनाने तो कागद उलटा धरला. "ह्या काय? खळा सारवलंस?" मी म्हटले, "सडो." त्याने कागद सुलटा केला आणि बराच वेळ पाहिला. "तापलेलो दिसता," म्हणाला. बक्षीस मिळाले तेव्हा मला इतके बरे वाटले नव्हते. आणि लगेच संताप आला, कारण हे मला तुमच्याकडून ऐकायचे होते.

हे पत्र कुठे टाकायचे नाही हे मला ठाऊक आहे. तरी शुद्धलेखन दोनदा तपासले. एक गोष्ट मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या सकाळी कड्यावर वारा फार होता. तुम्ही माड काढू लागलात तेव्हा कागद लावलेली फळी हलत होती आणि तुमची रेघ वाकडी जात होती. ती सरळ यावी म्हणून मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून ठेवली.